जिल्हा ग्राहक आयोग: आईच्या पाठीवरच्या जखमेची दाद मागताना

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही दाखल केलेल्या ग्राहक तक्रारीचा निकाल जून २०२५ मध्ये लागला. तक्रार एका खासगी केअर सेंटरविरुद्ध होती आणि माझी आई तेथे अकरा आठवडे राहिली होती. त्या सेंटरचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण हे परीक्षण त्याचे नाही. वृद्धांच्या देखभालीत हलगर्जीपणा झाला तर सामान्य कुटुंबाला दाद मागण्यासाठी कायद्याने जी सेवा उपलब्ध करून दिली आहे, तिचे हे परीक्षण आहे. ही सेवा कशी चालते, तिला किती खर्च येतो, कोठे ती अडते आणि शेवटी हाती काय येते, हे स्वतः वापरून पाहिल्यानंतर मी लिहीत आहे. माझ्या मते तिला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत. उरलेला दीड गुण कोठे गेला ते पुढे येईलच.

आधी घडलेला प्रकार थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२२ मध्ये घरात पडून आईचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हा तिचे वय ८१ होते. शस्त्रक्रिया चांगली झाली, परंतु दोन-तीन महिने तिला उठवणे, बसवणे, स्वच्छ ठेवणे आणि व्यायाम करून घेणे घरी जमणार नव्हते, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातील एका सेंटरमध्ये आम्ही तिला ठेवले. ५० हजार रुपये अनामत, महिन्याला ३४ हजार रुपये, आणि डायपर व औषधे वेगळी, असा व्यवहार ठरला. माहितीपत्रकावर ‘२४ तास प्रशिक्षित नर्सिंग’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. मी दर रविवारी जात असे. आई खुर्चीत बसवलेली, केस विंचरलेली, अंगावर स्वच्छ गाऊन अशी दिसे, आणि व्यवस्थापक म्हणत, “ताई, आजींची काळजी तुम्ही आमच्यावर सोडा.” नोव्हेंबरमध्ये तिला ताप येऊ लागला. १९ नोव्हेंबरला रुग्णालयात नेले, तेथे सिस्टरने तिला कुशीवर वळवले, आणि माकडहाडावरची जखम मी पहिल्यांदा पाहिली. ती अंथरुणावर कूस न बदलता पडून राहिल्याने होणारी, चौथ्या श्रेणीची, म्हणजे हाडापर्यंत पोहोचलेली जखम होती. गाऊनखाली काय आहे ते पाहावे, असे मला अकरा रविवारांत एकदाही सुचले नाही, हे मी तक्रारीत लिहिले नाही, येथे लिहिते.

दाद मागायची म्हटल्यावर पहिला घोळ शब्दापासून सुरू होतो. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, नर्सिंग होम म्हणजे वृद्धांना दीर्घकाळ ठेवण्याची जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दहा-पंधरा खाटांचे, बहुधा बाळंतपणाचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे रुग्णालय येते. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते, आणि त्यातील व्याख्येत आजार व इजा यांच्याबरोबरच दुर्बलतेने ग्रासलेल्या माणसांना ठेवून त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्याची जागा असेही म्हटलेले आहे. म्हणजे शब्दशः वाचले तर पैसे घेऊन अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणारी जागा या व्याख्येत बसू शकते. प्रत्यक्षात असंख्य केअर सेंटरे स्वतःला कधी वृद्धाश्रम, कधी ‘असिस्टेड लिव्हिंग’, कधी पुनर्वसन केंद्र म्हणवतात आणि कोणत्याच नोंदवहीत सापडत नाहीत. आम्ही दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज स्थानिक आरोग्य विभागाकडे केला. अशा नावाच्या संस्थेची नोंदणी आढळत नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. पुढे त्या ओळीचा चांगला उपयोग झाला.

कायदा या बाबतीत किती मागे आहे याचे एक उदाहरण मला सतत खुपते. निवृत्तांच्या गृहसंकुलांसाठी महारेराने (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये किमान निकष घालून दिले. त्यात दरवाजांची रुंदी, उतार, आधाराच्या दांड्या या सर्वांचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. परंतु खासगी केअर सेंटरमध्ये रात्री किती रुग्णांमागे किती माणसे हवीत, हे सांगणारा नियम आमच्या वकीलबाईंनाही कोठे सापडला नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात अशा सेंटरांची नोंदणी आणि किमान दर्जा आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, ते समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबरच निकालात निघाले.

त्या २००७ च्या कायद्याबद्दल बरेच गैरसमज आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी आम्हाला प्रांत अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याचा सल्ला दिला होता. ते न्यायाधिकरण मुलांकडून व वारस नातेवाइकांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या संस्थेविरुद्ध तेथे काही मागता येत नाही. ज्येष्ठाला टाकून देणे हा त्या कायद्यातील २४ व्या कलमाखालचा गुन्हा आहे, पण त्यासाठी कायमचे टाकून देण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि दरमहा पैसे वसूल करणारे सेंटर कोणाला टाकून देत नसते. १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर मी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी हाच फरक मला न कंटाळता समजावून सांगितला. ती मदतवाहिनी मार्गदर्शनासाठी आहे, खटल्यासाठी नाही, एवढे लक्षात ठेवून फोन केला तर निराशा होत नाही.

पोलिसांचा मार्ग आम्ही तपासला. भारतीय दंड संहितेत ४९१ हे एक विस्मृतीत गेलेले कलम होते: असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार केलेल्या माणसाने ती जाणूनबुजून टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. आमच्या प्रकरणाला याहून अचूक बसणारे कलम दुसरे नव्हते, आणि याहून दुबळेही नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३५७ व्या क्रमांकाने आले आहे आणि दंड ५,००० रुपयांपर्यंत वाढला आहे. गुन्हा अदखलपात्र असल्याने ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतात. आम्हालाही तसेच सांगितले गेले. मारहाण झाली असेल, हाड मोडले असेल, हलगर्जीपणातून मृत्यू आला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुखापतीची, जीव धोक्यात घालण्याची आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कलमे लागू शकतात, आणि मग पोलिसांकडे आधी गेले पाहिजे, कारण पंचनामा, शवविच्छेदन आणि सीसीटीव्हीचे चित्रण या गोष्टी मागाहून मिळत नाहीत. आमच्याकडे मार नव्हता, अंथरुणावर कुशी न बदलता पडून राहिलेले तास होते. त्यासाठी ग्राहक आयोग हीच जागा योग्य ठरली.

आता मुख्य सेवेकडे वळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि जुन्या १९८६ च्या कायद्याच्या तुलनेत वृद्धांच्या कुटुंबांना त्यात तीन ठोस सोयी मिळाल्या. पहिली म्हणजे तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेंटर शेजारच्या जिल्ह्यात असूनही आम्ही आमच्या जिल्ह्यात दाद मागितली, आणि आजारी माणूस घरात असताना याचे मोल काय असते ते वेगळे सांगायला नको. दुसरी सोय पैशांची आहे. आयोगाचे अधिकारक्षेत्र आणि शुल्क आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते. आम्ही सेंटरला अनामत धरून दीड लाखाच्या आसपास दिले होते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, त्यामुळे नऊ लाखांहून अधिक मागणी करूनही आम्हाला एक रुपया शुल्क पडले नाही. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो, म्हणजे महागड्यातले महाग सेंटरही बहुधा त्यातच बसते. तिसरी सोय म्हणजे तक्रार घरबसल्या संगणकावरून दाखल करता येते. आम्ही तेव्हाच्या ‘ई-दाखिल’वर केली, १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा ‘ई-जागृती’ने घेतली आहे.

पैसे कोणी भरले, हाही प्रश्न आला. बरेचसे पैसे माझ्या भावाने कॅनडातून पाठवले होते. सेंटरच्या वकिलांचा पहिला मुद्दा असा होता की, जिने पैसे दिले नाहीत ती वृद्धा ग्राहक कशी, आणि ज्याने दिले तो तर तक्रारदारच नाही. हा मुद्दा ऐकून मी घाबरले होते, परंतु कायद्याच्या व्याख्येत पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीसुद्धा ग्राहकच असते, आणि वकीलबाईंनी ते दोन मिनिटांत संपवले. परदेशात राहून आईवडिलांचा खर्च उचलणाऱ्या अनेक मराठी मुलांना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम नोंदवते.

तक्रार आईच्या नावाने होती. तिच्या शपथपत्रावर अंगठा घेण्यासाठी नोटरी साहेब घरी आले, जिना चढून आले, आणि तिला मजकूर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय शिक्का मारणार नाही असे म्हणाले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “यात त्या रात्रीच्या मावशीचं नाव नाही ना?” मावशी म्हणजे सेंटरमधली रात्रपाळीची मदतनीस. तिचे नाव नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये आई गेली. तक्रारदाराचा मृत्यू झाला तरी कायदेशीर वारसांना तक्रार पुढे चालवता येते. मृत्यूचा दाखला जोडून वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जात आमच्या दोन तारखा गेल्या.

या मार्गाने जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: आयोगापुढे साक्षीदारांची उलटतपासणी हा अपवाद असतो, निकाल शपथपत्रांवर आणि कागदांवर होतो. मी नोकरीत असताना वीस वर्षे विम्याचे दावे तपासले आहेत, त्यामुळे कागदाचे महत्त्व मला शिकवावे लागले नाही. तरीही जे कागद निर्णायक ठरले ते मी मुद्दाम जपलेले नव्हते. पहिला होता हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, ज्यात कोणा निवासी डॉक्टरने पाठीची त्वचा शाबूत असल्याची नोंद करून ठेवली होती. सेंटरचा बचाव वय आणि मधुमेह यांवर उभा होता: अशा जखमा होतातच, घरीही झाल्या असत्या, कदाचित येतानाच होत्या. त्या एका नोंदीने ‘येतानाच होत्या’ हा भाग गळून पडला.

दुसरा कागद त्यांच्याच पावत्या होत्या. कैफियतीत, म्हणजे तक्रारीला दिलेल्या लेखी उत्तरात, त्यांनी लिहिले होते की आम्ही रुग्णालय नाही, केवळ निवासाची व भोजनाची सोय देतो, वैद्यकीय शुश्रूषेची जबाबदारी आम्ही कधी घेतलीच नाही. दर महिन्याच्या पावतीवर मात्र निवास, भोजन आणि ‘नर्सिंग चार्जेस’ अशा तीन वेगळ्या रकमा होत्या, आणि त्यांतली तिसरी सर्वांत मोठी होती. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे आणि नव्या कायद्यातही ती येते असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. पण आमच्या प्रकरणात त्या वादात शिरावेच लागले नाही. ज्या सेवेचे पैसे घेतले ती दिली की नाही, एवढाच प्रश्न वकीलबाईंनी आयोगापुढे ठेवला. हे मला त्यांच्या कामातले सर्वांत कसबाचे वाटले, कारण वैद्यकीय निष्काळजीपणा म्हटले की तज्ज्ञांचे मत, प्रचलित उपचारपद्धती असे पर्वत उभे राहतात. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची गरज नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलेले आहेच. आम्ही तरीही जखमेवर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे प्रमाणपत्र जोडले. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलण्याचा प्रघात असतो आणि हाडापर्यंतची जखम सहसा एका रात्रीत होत नाही, एवढेच त्यात होते.

तिसरा कागद मिळवावा लागला. कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता, ज्याला तेथे ‘पोझिशन चार्ट’ म्हणतात, सेंटरने आधी दिलाच नाही. कागदपत्रे हजर करण्याचा हुकूम देण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेत. तसा अर्ज केल्यावर तक्ते आणि हजेरीपट आले. तक्ता पाहून मी प्रथम खचले, कारण तो परिपूर्ण होता. दर दोन तासांनी डावी, उजवी, पाठ, पुन्हा डावी, असे अकरा आठवडे एकही रकाना रिकामा नव्हता. ते तक्ते मी तीन रात्री घेऊन बसले आणि १२ ऑक्टोबरच्या पानावर थांबले. त्या दिवशी दुपारी चार वाजता आईला डाव्या कुशीवर वळवल्याची नोंद व सही होती. त्या वेळी आई माझ्याबरोबर हाडाच्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी रांगेत होती आणि केसपेपरवर ३ वाजून ४० मिनिटांचा शिक्का होता. हजेरीपटावरून असेही दिसले की रात्री चौदा जणांमागे एकच मावशी असे. चौदांपैकी किमान नऊ जण स्वतः कूस न बदलू शकणारे होते. नऊ जणांची कूस दर दोन तासांनी, शिवाय ओले डायपर, पाणी, कोणाची कण्हणी, कोणाचे उठून चालू लागणे. हे एका बाईच्या हातून होणे शक्य नाही, आणि म्हणून त्या बाईवर माझा राग कधीच नव्हता. आईचाही नव्हता.

येथे ज्यांचे कोणी आज अशा जागी आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. दाखल करताना रुग्णाच्या पाठीचे, टाचांचे व खुब्यांचे फोटो तारखेसह काढावेत आणि सेंटरच्या दाखल-कागदावर त्वचेची स्थिती लिहवून घ्यावी. भेटीला गेल्यावर पोझिशन चार्टचा फोटो काढावा, म्हणजे तो तक्ता नंतर बदलता येत नाही. भ्रमणध्वनीवरचे मूळ फोटो आणि व्यवस्थापकांशी झालेले संदेश पुसू नयेत व फोन बदलू नये, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली असे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली असते. रुग्णालयाचे वैद्यकीय कागद मागणी केल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांच्या आचारनियमांत आहे, तेव्हा मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. आणि मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. दुःखात, दिवसकार्यात आणि नातेवाइकांच्या ‘जाऊ दे आता’मध्ये दोन वर्षे फार लवकर जातात.

दाखल होताना आम्ही सही केलेल्या छापील फॉर्मवर ‘रुग्णाच्या प्रकृतीत होणाऱ्या कोणत्याही बदलास संस्था जबाबदार राहणार नाही’ असे वाक्य होते. असे वाक्य जवळपास सगळीकडे असते आणि ते वाचून निम्मे लोक घरी बसतात. अनुचित करार रद्दबातल ठरवण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे, परंतु तो अधिकार राज्य आयोगाला व राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून आम्ही कराराला हातच लावला नाही, केवळ सेवेतील त्रुटी मांडली. जिल्हा आयोगाने आदेशात म्हटले की प्रकृतीतील बदल आणि पैसे घेऊन न दिलेली शुश्रूषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता उणिवा. कायदा म्हणतो की सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, नोटीस मिळाल्यापासून शक्य तेथे तीन महिन्यांत तक्रार निकाली काढावी. आम्हाला अठ्ठावीस महिने लागले. सामनेवाल्याने कैफियत देण्याची मुदत ३० दिवस, आणि फार तर आणखी १५. हे ४५ दिवस म्हणजे ४५च, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये बजावले आहे. त्यामुळे तेथे फार वेळ गेला नाही. कैफियत चव्वेचाळिसाव्या दिवशी आली. वेळ गेला तो नंतर. एकूण सतरा तारखांपैकी सहा तारखांना गणपूर्ती नव्हती, म्हणजे अध्यक्ष किंवा सदस्याचे पद रिक्त किंवा ते दुसऱ्या जिल्ह्याचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत होते. तीन तारखांना सामनेवाल्यांच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली आणि ती किरकोळ खर्चावर मिळाली. कर्मचारी सभ्य होते, मराठीतली तक्रार मराठीतच स्वीकारली गेली, बसायला बाक होते. परंतु ज्या सेवेकडे अनेक तक्रारदार साठीच्या पुढचे येऊ शकतात, तेथे लिफ्ट बंद असणे मला क्षम्य वाटत नाही. संकेतस्थळ बदलले तेव्हा आमच्या प्रकरणाची पुढची तारीख तीन आठवडे कोठेच दिसत नव्हती आणि शेवटी मला जाऊन फलक वाचावा लागला. एक गुण येथे गेला.

उरलेला अर्धा गुण मध्यस्थीच्या अनुभवात गेला. सामनेवाल्यांनी सुरुवातीलाच मध्यस्थीचा प्रस्ताव दिला: अनामत परत करतो आणि प्रकरण मागे घ्या. गंभीर इजा किंवा मृत्यू घडवणाऱ्या वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवू नयेत असा २०२० चा नियम आहे, हे वकीलबाईंनी दाखवल्यावर ते म्हणाले की आमचे काम वैद्यकीय नाहीच. जबाबदारी टाळताना आपण वैद्यकीय नाही आणि पैसे आकारताना नर्सिंग, या कसरतीकडे आयोगाने त्याच दिवशी बोट ठेवले असते तर आमची एक तारीख वाचली असती.

वकील लागतोच का, असे मला अनेकांनी विचारले. कायद्याने लागत नाही. तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. ज्या प्रकरणात न परत केलेली अनामत एवढाच वाद आहे, तेथे स्वतः लढावे. ज्यात शरीराची हानी आहे तेथे वकील घ्यावा. आमच्या वकीलबाईंनी तीन टप्प्यांत मिळून ४० हजार रुपये घेतले. टंकलेखन, नोटरी, झेरॉक्स आणि प्रवास यांचे आणखी नऊएक हजार झाले. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे (दूरध्वनी १५१००). स्त्री तक्रारदाराला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो, आणि ही गोष्ट मला प्रकरण अर्धे झाल्यावर कळली. वकिलाशी फीचे आणि कामाचे स्वरूप आधीच लिहून घ्यावे. वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे, त्यामुळे तेथे काही बिनसले तर या आयोगाचे दार आपल्याला उघडे नाही. मी हे वाचून दाखवले तेव्हा वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणूनच तर तुमच्यासारख्या अशिलांना आम्ही जास्त घाबरतो.”

निकालात रुग्णालयाचा २ लाख ८६ हजार रुपयांचा खर्च तक्रार दाखल झाल्यापासून ७ टक्के व्याजाने, अनामतीचे ५० हजार, शारीरिक व मानसिक त्रासासाठी दीड लाख आणि प्रकरणाचा खर्च १५ हजार, असे मंजूर झाले. त्रासासाठी आम्ही ५ लाख मागितले होते. दिलेल्या मासिक शुल्काची परतफेड नाकारली गेली, कारण निवास आणि भोजन मिळाले होते. हे मला तेव्हा टोचले, पण आज तर्काला धरून वाटते. नोंदणी नसल्याचा विषय आपल्या कक्षेत नाही असे म्हणत आयोगाने ती बाब नोंदवली. १२ ऑक्टोबरच्या नोंदीवर आदेशात अख्खा परिच्छेद आहे, आणि त्यात असे म्हटले आहे की जी रुग्ण त्या वेळी इमारतीतच नव्हती तिची कूस बदलल्याची नोंद करणाऱ्या तक्त्यातील इतर नोंदींवरही विश्वास ठेवता येत नाही. रक्कम मिळाली त्यापेक्षा मला या परिच्छेदाचे समाधान अधिक झाले, कारण ‘तुमचाच काहीतरी गैरसमज झाला असेल’ हे अडीच वर्षे ऐकल्यावर कोणीतरी शिक्क्यासह लिहून दिले होते.

पैसे वसूल होण्याचा टप्पा अपेक्षेपेक्षा सोपा गेला. अपील ४५ दिवसांत करावे लागते आणि त्यासाठी मंजूर रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. बहुधा त्यामुळेच सामनेवाल्यांनी अपील न करता त्रेचाळिसाव्या दिवशी धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) पाठवला. त्यात व्याज नव्हते. आम्ही अंमलबजावणीचा अर्ज केला. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि ती नुसती कागदावर असूनही परिणामकारक आहे असे म्हणावे लागेल, कारण दुसऱ्या तारखेआधीच व्याजाची अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपासची रक्कम आमच्या खात्यात जमा झाली.

आयोगाचे आदेश संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. गेल्या महिन्यात एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्याच सेंटरमध्ये त्यांचे वडील आहेत आणि शोधता शोधता त्यांना आमचा आदेश सापडला होता. पुढे काय करू, असे ते विचारत होते. मी त्यांना म्हटले की तक्रारीचे नंतर पाहू, आता तासाभरात तेथे जा, वडिलांना कुशीवर वळवायला सांगा आणि स्वतः पाठ पाहा.